तुबिएरा की तुबिएसे? स्पॅनिशमधल्या ‘असतं तर’ची वाटचाल

सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारिआ उना कासा. पैसे असते तर घर घेतलं असतं.

स्पॅनिश शिकायला लागून बऱ्यापैकी दिवस झाले, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं पुस्तक हातात आलं, की हे वाक्य किंवा याच घाटणीचं दुसरं एखादं समोर येतं. सोबत एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक क्रियापदाची दोन-दोन रूपं दिलेली असतात: तुबिएरा किंवा तुबिएसे, फुएरा किंवा फुएसे, आब्लारा किंवा आब्लासे. खाली एक ओळ: दोन्हींचा अर्थ एकच, कोणतंही वापरा. विद्यार्थी ‘रा’चा रकाना पाठ करतो, ‘से’चा सोडून देतो आणि पुढच्या धड्याला लागतो. मग कधीतरी उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओचा माणूस ‘सी तेन्द्रिआ दिनेरो’ म्हणताना ऐकू येतो. पेरूतल्या लिमाची बाई ‘केरिआ के बेन्गास’ म्हणते. माद्रिदच्या वर्तमानपत्रात ‘रा’चं रूप अशा जागी दिसतं, जिथे ‘जर-तर’चा मागमूसही नसतो. पाठ केलेल्या तक्त्यात यातलं काहीच बसत नाही.

तक्ता चुकीचा नाही. पण ‘रा’ आणि ‘से’ ही एकाच क्रियारूपाची दोन वळणं आहेत असा जो समज तो करून देतो, तो खरा नाही. ती मुळात दोन वेगळी रूपं होती, वेगळ्या कामांसाठी होती. ‘रा’ हळूहळू कामं बदलत ‘से’च्या जागेपर्यंत आली आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचं थोडं काम तिने आजही हातचं सोडलेलं नाही. ‘इथे दोन्ही चालतात, तिथे एकच चालतं’ असे जे नियम आपल्याला लहरी वाटतात, त्यांतले बहुतेक या प्रवासातून आपोआप निघतात.

(स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार ‘ब’, ‘एच’ मुका आणि ‘जे’ साधारण आपल्या ‘ख’च्या जवळचा.)

आधी हे रूप करतं काय, ते पाहू. शाळेतल्या मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो येतो’ हा स्वार्थ, म्हणजे घडतं ते सरळ सांगणं. ‘ये’ हा आज्ञार्थ. ‘त्याने यावं’ हा विध्यर्थ, आणि ‘तो आला असता तर’ हा संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये असे तीनच अर्थ मानतात. पहिले दोन आपल्यासारखेच. तिसरा सबजंक्टिव्ह, ज्याला तिथे सुबखुन्तिबो म्हणतात. आपण विध्यर्थ आणि संकेतार्थ यांत वाटून टाकलेलं बरंचसं काम तिथे हा एकटा करतो. जे घडलं असं मी ठामपणे सांगत नाही, जे मला हवं आहे, ज्याची भीती आहे, जे फक्त मनात धरून बघतो आहे, ते सगळं त्याच्या वाट्याला. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आपण दिवसभर ‘यावं’, ‘करावं’, ‘असतं तर’ म्हणतच असतो.

या सबजंक्टिव्हचं भूतकाळी रूप म्हणजे आपला विषय, इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. ते मुख्यतः पाच ठिकाणी लागतं. पहिलं, मुख्य क्रियापद भूतकाळात असताना: किएरो के बेन्गास म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’, पण केरिआ के बिनिएरास म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटत होतं’. दुसरं, ‘सी’ म्हणजे ‘जर’नंतर, जेव्हा अट प्रत्यक्षात पुरी झालेली नसते. तिसरं, कोमो सी म्हणजे ‘जणू काही’नंतर: कोमो सी फुएरा रेय, ‘जणू राजाच असल्यासारखा’. चौथं, ओखाला या शब्दानंतर. हा शब्द अरबीतून आलेला, त्यात ‘देवाची इच्छा असेल तर’ हा भाव आहे. ओखाला बेन्गा म्हटलं तर ‘येवो बाबा’, त्यात आशा शिल्लक आहे. ओखाला बिनिएरा म्हटलं तर ‘आला तर किती बरं होईल’, आणि बोलणाऱ्याला तो येईल असं फारसं वाटत नाही. पाचवं ठिकाण नम्रपणाचं: किसिएरा उन काफे, ‘मला एक कॉफी हवी होती’. आपणही ‘मला जरा बोलायचं होतं’ असं भूतकाळात म्हणून मागणीची धार कमी करतोच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ हे मराठी वाक्य आजच्या रिकाम्या खिशाबद्दल असू शकतं किंवा वीस वर्षांपूर्वीच्या. संदर्भावरून कळतं. स्पॅनिशमध्ये आजचं असेल तर सी तुबिएरा, कोम्प्रारिआ, आणि तेव्हाचं असेल तर सी उबिएरा तेनिदो, आब्रिआ कोम्प्रादो. मराठीतून विचार करताना इथे हमखास गडबड होते, कारण आपल्याला हे दोन कप्पे वेगळे करायची सवयच नसते.

रूप बनवणं सोपं आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्यायचं, शेवटचं ‘रोन’ काढायचं, ‘रा’ किंवा ‘से’ लावायचं. आब्लारोन (ते बोलले) वरून आब्लारा. तुबिएरोन (त्यांच्याकडे होतं) वरून तुबिएरा. दिखेरोन (ते म्हणाले) वरून दिखेरा. संपूर्ण भाषेत याला अपवाद नाही, आणि स्पॅनिश क्रियापदांबद्दल असं फार थोड्या वेळा म्हणता येतं. सगळी वेडीवाकडी वळणं साध्या भूतकाळात आधीच होऊन गेलेली असतात, म्हणून ज्याचा तो काळ पक्का त्याचं इथलं अर्धं काम झालेलं. ‘असणे’ (सेर) आणि ‘जाणे’ (इर) या दोन्ही क्रियापदांचं हे रूप फुएरोन असं एकच आहे, त्यामुळे फुएरा म्हणजे ‘असता’ही आणि ‘गेला असता’ही. ‘आम्ही’च्या रूपात आघात मागे सरकतो: आब्लारामोस म्हणताना जोर ‘ब्ला’वर, आणि लिहिताना त्यावर आघातचिन्ह देणं सक्तीचं.

आता मूळ प्रश्न: दोन रूपं कशाला?

लॅटिनमध्ये ‘प्रेम करणे’ या क्रियापदाचं आमावेराम असं एक रूप होतं, अर्थ ‘मी प्रेम केलं होतं’. हा चक्क स्वार्थ. घडून गेलेली, पक्की गोष्ट. दुसरं रूप होतं आमाविस्सेम, अर्थ ‘मी प्रेम केलं असतं’. हा सबजंक्टिव्ह. आमावेराम झिजून आमारा झालं, आमाविस्सेम झिजून आमासे झालं. म्हणजे ‘से’ जन्मापासून ‘असतं’च्या घरातली, आणि ‘रा’ आली ती ‘होतं’च्या घरातून. (लॅटिनचं खरंखुरं इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, आमारेम, स्पॅनिशपर्यंत पोचलंच नाही. सार्डिनिया बेटाच्या भाषेत मात्र ते टिकलं.)

जुनी कास्तिलियन, म्हणजे आजच्या स्पॅनिशचं जुनं रूप, पाहिली की हे स्पष्ट दिसतं. सुमारे १२०० सालच्या ‘पोएमा दे मिओ सिद’ या वीरकाव्यात त्याचा नायक सिद आपला तंबू आणायला माणसं पाठवतो. कुठला तंबू? ‘के देशारा आल्या’, जो तिथे सोडला होता तो. देशारा हे ‘रा’चंच रूप, पण त्यात ‘जर’ नाही, इच्छा नाही, शंका नाही. सोडला होता, एवढंच. त्या काळात ‘असतं तर’चं काम ‘से’ करत होती आणि ‘होतं’चं काम ‘रा’ करत होती.

मग ‘रा’ इकडे आली कशी? ‘तर’च्या वाटेने. ‘से’ अटीच्या भागात बसायची, आणि ‘रा’ निकालाच्या भागात यायला लागली. न घडलेल्या गोष्टीचा निकाल जणू घडूनच गेला होता अशा जोराने सांगायचा, ही लकब लॅटिनमध्येही होती. म्हणून जुनी वाक्यं अशी दिसतात: सी पुदिएसे, लो इसिएरा. जमलं असतं (से), तर केलं असतं (रा). पुढे बोलणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना एकच रूप वापरायला सुरुवात केली: सी पुदिएरा, लो इसिएरा. मराठी कानाला ही पायरी अगदी ओळखीची वाटायला हवी. ‘असते तर घेतलं असतं’ यात आपणही दोन्हीकडे ‘असत’च ठेवतो.

एकदा ‘सी’नंतरची जागा मिळाल्यावर ‘रा’ सबजंक्टिव्हच्या बाकीच्या जागांतही शिरली: केरिआ के बिनिएरा, कोमो सी फुएरा. सोळावं-सतरावं शतक उजाडेपर्यंत ती तिथे स्थिरावलेली दिसते. त्याच सुमारास निकालाच्या भागातून तिला तिसऱ्याच एका रूपाने बाजूला सारलं. ते म्हणजे ‘रिआ’चं रूप, कोम्प्रारिआ, तेन्द्रिआ. आजचं पाठ्यपुस्तकी वाक्य, सी तुबिएरा कोम्प्रारिआ, या सगळ्या घडामोडींनंतर तयार झालेलं आहे.

बाकीच्या भावंड भाषांत याच दोन रूपांचं काय झालं, ते पाहिलं म्हणजे स्पॅनिशचा मार्ग किती वेगळा आहे ते कळतं. इटालियनने आमाविस्सेमपासून आलेलं आमास्सी सबजंक्टिव्ह म्हणूनच ठेवलं आणि ते रोज बोललं जातं. फ्रेंचमध्ये त्याच मुळाचं रूप आहे, पण बोलण्यातून ते गेलेलं आहे, जुन्या थाटाच्या लेखनातच भेटतं. रुमानियनमध्ये तर उलटं झालं: सबजंक्टिव्हच्या मुळापासून आलेलं कन्तासे तिथे ‘त्याने गायलं होतं’ असा साधा स्वार्थ दाखवतं. स्पॅनिशमध्ये ‘होतं’चं रूप ‘असतं’ झालं, रुमानियनमध्ये ‘असतं’चं ‘होतं’ झालं. युरोपच्या दोन टोकांना एकाच लॅटिनच्या लेकींनी केलेली ही अदलाबदल मला भाषांच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते.

पोर्तुगीज मात्र जुन्या वाटणीला धरून राहिली. तिथे ‘असतं तर’ला फक्त ‘स्से’चं रूप, आणि ‘रा’चं रूप आजही ‘केलं होतं’ या अर्थाचं, जरी ते आता पुस्तकी झालं असलं तरी. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या माणसाने स्पॅनिश हातात घेतली, तर त्याला तुबिएसे लगेच कळतं, कारण त्याच्याकडचं ‘तिवेस्से’ तेच आहे. अडतो तो तुबिएरापाशी, कारण त्याच्या कानाला ते ‘होतं’ असं ऐकू येतं. पुण्या-मुंबईच्या वर्गात शिकलेल्याचं नेमकं उलट असतं.

हा प्रवास मनात ठेवला, की ‘कोणतंही वापरा’ हा सल्ला कुठे लागू पडत नाही ते न पाठ करता सांगता येतं. किसिएरा उन काफे म्हणतात, किसिएसे उन काफे असं सहसा कोणी म्हणत नाही. का? कारण हे किसिएरा मुळात निकालाच्या भागातलं आहे: ‘चालणार असेल तर, मला आवडलं असतं’. अट न बोलता गाळलेली, निकाल तेवढा उरलेला. ‘से’ त्या भागात राहिलेलीच नव्हती, म्हणून तिला हे काम जमत नाही. देबिएरास इर, ‘तू जायला हवंस’, यातलं देबिएरासही त्याच जातीचं.

सी लो उबिएरा साबिदो, नो उबिएरा बेनिदो. ‘माहीत असतं तर आलो नसतो.’ इथे दोन्हीकडे उबिएरा आहे, आणि निकालात आब्रिआऐवजी उबिएरा म्हणणं आज स्पॅनिश अकादमीलाही मान्य आहे. तीही त्याच जुन्या घरातली खोली, जी ‘रिआ’ला अजून पूर्ण मिळालेली नाही. ‘से’चं काय? निकालात उबिएसे म्हणण्यावर व्याकरणकारांनी पूर्वी बरीच नाकं मुरडली. बोलणारे मात्र दोन रूपं इतकी वर्षं सारखी वापरत आले आहेत, की तिलाही ते इथे ओढतातच.

आणि वर्तमानपत्रातलं ते कोडं: एल के फुएरा प्रेसिदेन्ते, ‘जे अध्यक्ष होते ते’. इथे फुएराचा अर्थ ‘असता’ असा घेतला तर वाक्य कोसळतं. हा सिदच्या तंबूचाच ‘रा’ आहे. बोलण्यातून तो गेला होता, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या भाषेचं आकर्षण असलेल्या लेखकांनी त्याला परत आणलं, आणि वृत्तपत्रांच्या भाषेला तो भारदस्त वाटतो म्हणून तिथे राहिला. शैलीची चर्चा करणारे अनेक जण त्याला नाकारतात. मलाही बातमीत तो उगाच जड वाटतो. पण स्पेनच्या वायव्येला, गालिसियात, त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या गालिसियन भाषेत ‘रा’ आजही ‘केलं होतं’च आहे, आणि तिथले लोक स्पॅनिश बोलतानाही ‘मी पोचलो तेव्हा तो निघून गेला होता’ यासाठी सहज ‘रा’ वापरतात. एकच रूप माद्रिदच्या संपादकाच्या हातात पुस्तकी होतं आणि गालिसियातल्या बाजारात घरगुती.

आता ‘रा’ आणि ‘से’ कोण किती वापरतं. लॅटिन अमेरिकेत बोलण्यात ‘रा’चंच राज्य आहे, मेक्सिकोपासून चिलीपर्यंत. ‘से’ तिथे लेखनात, भाषणात, औपचारिक प्रसंगी डोकावते. अर्जेंटिनात मात्र साध्या गप्पांतही उबिएसे बऱ्यापैकी कानावर पडतं. स्पेनमध्येही ‘रा’ पुढे आहे, पण ‘से’ अजून जिवंत आहे, आणि लिहिताना तर अधिकच. एकच माणूस एकाच परिच्छेदात दोन्ही वापरतो, पुष्कळदा केवळ तोच आवाज पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून. दोन्हींत काही सूक्ष्म अर्थभेद आहे का, यावर वाद झडलेले आहेत. अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९५६ मध्ये असं मांडलं की ‘रा’ गोष्ट जवळ आणते, ‘से’ ती जरा लांब ठेवते. हे मत मोहक आहे, पण बोलणाऱ्यांना विचारलं तर बहुतेकांना असा फरक जाणवत नाही. जाणवतो तो थाटाचा फरक: ‘से’ थोडी अधिक लेखी, थोडी अधिक ताठ.

इथपर्यंतचे फरक फारसे कोणाला खुपत नाहीत. पुढचे दोन खुपतात, आणि मला सर्वांत जास्त रस त्यांच्यातच आहे.

पहिला उत्तर स्पेनचा. बास्क प्रदेश, नाबार्रा, ला रिओखा, बुर्गोस, कान्ताब्रिया आणि आसपासच्या भागात माणसं म्हणतात: सी तेन्द्रिआ दिनेरो, कोम्प्रारिआ उना कासा. अटीच्या बाजूलाही ‘रिआ’, निकालाच्या बाजूलाही ‘रिआ’. स्पेनच्या इतर भागांतल्या माणसाला हे ताबडतोब खटकतं, आणि शाळेत मास्तर लाल शाई वापरतात. पण त्या भागात शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसंही घरी-दारी असंच बोलतात. आणि गोष्ट ‘सी’वर थांबत नाही. ‘त्याने यावं म्हणून’ यासाठी पारा के बिनिएराच्या जागी पारा के बेन्द्रिआ, ‘त्याने यावं अशी माझी इच्छा होती’ यासाठी केरिआ के बेन्द्रिआ. म्हणजे भूतकाळी सबजंक्टिव्हची सगळीच जागा ‘रिआ’ व्यापत चालली आहे. कार्मेन सिल्वा-कोर्बालान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात बुर्गोस प्रांतातल्या कोबारुबियास या गावातलं बोलणं ऐकून नेमका याचा अभ्यास केला होता.

काही जण याचं कारण शेजारच्या बास्क भाषेत शोधतात. पण वरचा इतिहास डोळ्यांसमोर असेल तर हा प्रकार फार नवलाचा वाटत नाही. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी ‘रा’ने नेमकं हेच केलं होतं: आधी निकालाच्या भागात होती, मग दोन्ही बाजूंना सारखं रूप हवं म्हणून ‘सी’नंतर आली, मग बाकी सबजंक्टिव्हमध्ये पसरली. उत्तरेत ‘रिआ’ त्याच पायवाटेने चालली आहे. तेव्हाचा ‘बिघाड’ आज पाठ्यपुस्तकात नियम म्हणून छापला जातो, म्हणून आजच्या ‘बिघाडा’ला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. हा कल फक्त तिथलाच आहे असंही नाही. बेआत्रिस लाबान्देरा यांनी १९७०च्या दशकात बुएनोस आइरेसच्या बोलीचा अभ्यास केला, तेव्हा सी तेन्द्रिआ तिथेही सापडलं. सी तुबिएराच्या शेजारी, त्याच शहरातल्या लोकांच्या तोंडी.

दुसरा फरक अँडीज पर्वतरांगेच्या देशांतला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या देशांत मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही मागे वर्तमानकाळी सबजंक्टिव्ह येतो: केरिआ के बेन्गास, ‘तू यावंस असं मला वाटत होतं’. स्पेनमधलं पुस्तक इथे बिनिएरास मागेल. अर्जेंटिना आणि उरुग्वेतही हे पुष्कळ ऐकू येतं. आता मराठीकडे पाहा. ‘तू यावंस असं मला वाटतं’, ‘तू यावंस असं मला वाटत होतं’. मुख्य क्रियापदाचा काळ बदलला, ‘यावंस’ला धक्काही लागला नाही. मराठी विद्यार्थ्याची ‘केरिआ के बेन्गास’ ही जी चूक शिक्षक न कंटाळता दुरुस्त करत असतात, ती लिमात चूक नाही, तिथल्या बोलीची रीत आहे. तिथला बोलणारा असा विचार करतो की काळ एकदा पहिल्या क्रियापदात सांगून झाला, पुन्हा दुसऱ्यात कशाला सांगायचा.

स्पेनमध्येही याला एक दार उघडं आहे. मे पिदिओ के बाया, ‘त्याने मला जायला सांगितलं’, हे वर्तमानकाळी सबजंक्टिव्हने म्हणता येतं, जर जाणं अजून व्हायचं असेल तर. के फुएरा म्हटलं तर जाणं होऊन गेलं असेल किंवा राहिलंही असेल. अँडीजमध्ये हे दार सरसकट उघडं आहे, जाणं होऊन गेलेलं असलं तरीही.

बारीकसारीक फरक आणखी आहेत. स्पेनमध्ये घरच्या माणसांना ‘तुम्ही सगळे’ म्हणताना बिनिएराइस, लॅटिन अमेरिकेत ते रूपच नाही, तिथे सगळ्यांना बिनिएरान. अर्जेंटिनात ‘तू’साठी बोस म्हणतात आणि त्याची वर्तमानकाळी रूपं वेगळी असतात, पण या काळात बोस तुबिएरास आणि तू तुबिएरास एकच. मेक्सिकोच्या खेड्यांत आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या जुन्या स्पॅनिशभाषकांत ‘आम्ही’चं फुएरामोस बदलून फुएरानोस होतं. अनेक देशांत दिखेरानऐवजी दिखिएरान म्हणणारे भेटतात, आणि ती मात्र सगळीकडेच अशिक्षितपणाची खूण मानली जाते.

या घराण्यातलं तिसरं एक रूप होतं, त्याचा उल्लेख करायला हवा: भविष्यकाळी सबजंक्टिव्ह, कान्तारे, फुएरे. ‘जो कोणी असं करेल’ अशा अर्थाचं. बोलण्यातून ते संपलं आहे. कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत उरलं आहे: आदोन्दे फुएरेस, आस लो के बिएरेस, जिथे जाशील तिथे जे पाहशील ते कर, आपलं ‘देश तसा वेश’. पोर्तुगीजमध्ये मात्र ते आजही रोजच्या वापरात आहे.

शिकणाऱ्याने या सगळ्याचं करायचं काय? बोलायला आणि लिहायला ‘रा’ पक्की करा. ती स्पॅनिश जगात कुठेही खटकत नाही, आणि किसिएरासारख्या जागी तीच लागते. ‘से’ वाचताना क्षणात ओळखू येईल एवढी सवय ठेवा. तिचा सगळा रकाना घोकायची गरज नाही, ‘रोन’ काढून जोडली की झाली. परीक्षेत ‘सी’नंतर ‘रिआ’ लिहू नका, गुण जातात. पण बिल्बाओत यजमानीण सी तेन्द्रिआ म्हणाली तर तिला दुरुस्तही करू नका. बिनिएरास आणि बेन्गासच्या बाबतीत आपला कान मराठीमुळे आधीच लिमाच्या बाजूने झुकलेला असतो, म्हणून केरिआ, पिदिओ, दिखो ही क्रियापदं दिसली की जरा थांबून पुढचं रूप मुद्दाम भूतकाळात न्या. आणि बातमी वाचताना ‘के’नंतर ‘रा’चं रूप आलं, आजूबाजूला ना इच्छा ना अट ना शंका, तर ‘असता’ सोडून ‘होता’ लावून पाहा. वाक्य बहुधा तिथेच सुटतं.